बेंबीवाली जिजी

जिजी कुणाला "कशी आहेस" असं कधी विचारत नसे. गल्लीत समोरून एखादी बाई आली की जिजीची नजर तिच्या चेहऱ्यावर न जाता सरळ पदराखाली, बेंबीच्या आसपास जाऊन थांबायची आणि मग प्रश्न यायचा, "पोट कसं शे वं?" बरं आहे म्हणून निसटायला बघितलं तर ती वाट अडवून उभी. "मंग चालतांना हात कंबरवर का ठेवस?" भाजीची पिशवी हातात, मागे रिक्षावाला हॉर्न मारतोय, आणि मी भर रस्त्यात माझ्या अपचनाची हकीकत सांगते आहे, असं कितीदा तरी झालं आहे.

सुरतेत गोडादऱ्याच्या ज्या सोसायटीत आम्ही राहतो तिथली निम्मी घरं खानदेशातली. पुरुष लूमवर नाहीतर डाइंग मिलमध्ये, बायका दारात बसून साड्यांना टिकल्या चिकटवणाऱ्या. जड बोजे उचलायचे, तासन्‌तास मांडी घालून बसायचं, वेळी-अवेळी खायचं, मग पोटं दुखणारच. आणि पोट दुखलं की आमच्या लोकांचं पहिलं निदान ठरलेलं, बेंबी सरकली. ती जागेवर आणणारी ही जिजी. खरं नाव यमुनाबाई, गाव शिंदखेड्याकडचं. लग्न होऊन सुरतेत आली, नवरा गेला, मुलगा भटू डाइंग मिलमध्ये लागला, सून आली. पण बाहेरची माणसं विचारत येत ती "बेंबीवाली जिजी कुठे राहते" असंच.

तिचं काम सकाळी, अनशापोटी. चटईवर उताणं झोपवायची, बेंबीवर अंगठा टेकवायची आणि डोळे मिटून आतला ठोका शोधायची. ठोका बरोबर मध्ये लागला तर "ऊठ, तुले काही नही व्हयनं" म्हणून हाकलून द्यायची. बाजूला लागला तर एरंडेलाचा हात फिरवून, पोटावर पणती ठेवून, तिच्यावर पितळी तांब्या पालथा घालायची. पणती विझे, तांब्या पोटाला गच्च धरून बसे. तो "पक्" असा आवाज करून सुटला की गुळाचा खडा तोंडात घालायचा आणि घरी जायचं. तिचा कडक नियम एकच होता, थंड हात पोटाला लावायचा नाही. थंडीत ती आधी तव्यावर हात शेकून घ्यायची.

मी पालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. मुलांना शरीराची ओळख शिकवताना बेंबी सरकत नाही हे मी ठासून सांगते. तरी दोनदा जिजीच्या चटईवर झोपून आले आहे आणि दोन्ही वेळा बरं वाटलं, हेही लपवत नाही. ती मला मास्तरीण म्हणायची. "मास्तरीण, तुना पुस्तकमा बेंबी नही का?" असं चारचौघींत विचारून मला गप्प करण्यात तिला भारी मौज वाटे. पण ती भोंदू नव्हती. पोटदुखीबरोबर ताप असला, उलटी थांबत नसली, की ती अंगठा उचलून घ्यायची. "हाई मना हातनं नही. दवाखानामा जा." अशा कितीतरी जणींना तिने रिक्षात बसवून दिलं होतं.

मग तिचं स्वतःचंच पोट वाढू लागलं.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. जिजी बारीक अंगाची, हातपाय काटकुळेच राहिले आणि पोट तेवढं पुढे आलं. टिकल्यांवाल्या बायकांनी थट्टा केली, "जिजी, या वयात?" जिजी हसली. म्हणाली, वायगोळा आहे. ओवा खाल्ला, हिंगाचं पाणी प्याली. परकराची नाडी पुरेना तेव्हा तिने सुनेकडून दुसरी, लांब नाडी ओवून घेतली. जेवण कमी झालं, दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणे. आमच्याकडे एक समज आहे, बेंबी बसवणाऱ्या बाईला स्वतःची बेंबी बसवता येत नाही. जिजीने तोही मोडला. सून पाणी भरायला गेली की दार लोटून ती स्वतःच्या पोटावर तांब्या लावायची. मी एकदा अचानक गेले तेव्हा मला ते दिसलं. तांब्या धरत नव्हता, घरंगळून खाली पडत होता आणि जिजी तो पुन्हा पुन्हा उचलून ठेवत होती. मला पाहून तिने पदर ओढला. त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले.

भटूला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. आधी जवळच्या डॉक्टरने गॅसच्या गोळ्या दिल्या. त्या संपल्या, पोट तसंच. मग सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं. पाणी काढायला सुई घातली तर पाणी येईना, सुईत चिकट काहीतरी अडकून बसलं. तिथून सिटी स्कॅन, तिथून मोठं हॉस्पिटल. भटूला सुटी मिळाली तर पगार कापून मिळायची, आणि गुजराती बोलायला त्याला धड जमत नसे, म्हणून प्रत्येक वेळी मी बरोबर. डॉक्टरांचं मराठीत आणायचं आणि जिजीचं गुजरातीत न्यायचं, हे काम माझ्याकडे आलं.

सर्जन तरुण होता, काठियावाडी, बोलणं मऊ. त्याने जिजीला टेबलावर झोपवलं आणि तपासायच्या आधी दोन्ही तळवे एकमेकांवर जोरजोरात घासले. एसीची खोली, त्याचे हात गार पडले असणार. त्याने सहज केलं, पण जिजीने मान वळवून माझ्याकडे बघितलं. "दखं का? हात तपाडी लिना त्यानी," ती मला हळूच म्हणाली. मग अंग सैल सोडून तिने त्याला हवं तसं पोट दाबू दिलं.

तो जे म्हणाला ते मी तिला असं सांगितलं. आपल्या आतड्याला उजव्या बाजूला करंगळीएवढी एक शेपटी असते, अपेंडिक्स. तिच्यात आतून गाठ झाली आहे. कॅन्सरचीच जात, पण सावकाश वाढणारी. ती गाठ चिकट पाणी सोडते. शेपटी फुटली आणि ते पाणी पोटभर पसरलं, जिथे गेलं तिथे बसून पुन्हा चिकट पाणी करू लागलं. गार झालेली साबुदाण्याची पेज कशी घट्ट होते, तसं ते झालं आहे. म्हणून सुईत येत नाही, म्हणून भूक लागत नाही. गोळ्यांनी हे जाणार नाही. पोट उघडून ती शेपटी, तिच्या जवळचं आतडं, आतलं खराब झालेलं अस्तर, जे जे बिघडलंय ते काढायचं, हातांनी सगळं स्वच्छ करायचं आणि मग पोटात गरम औषध फिरवायचं, म्हणजे डोळ्याला न दिसणारं राहिलं असेल ते मरेल.

जिजीने एकच गोष्ट पकडली. "गरम औषध? म्हणजे आतून शेक."

"हां बा, शेक ज समजो," डॉक्टर म्हणाला.

"मंग बरोबर शे," जिजी म्हणाली, जणू तीच त्याला मंजुरी देत होती.

एवढ्यावर सगळं सुरळीत झालं असतं. पण निघताना डॉक्टरने भटूला आणि मला मागे ठेवून घेतलं. स्कॅनवर बोट ठेवून म्हणाला, बेंबीतही रोग बसला आहे, ती ठेवता येणार नाही, काढावीच लागेल. नंतर पोटावर नुसती उभी शिवण राहील. त्याच्या लेखी ही बारीक गोष्ट होती. भटूचा चेहरा मात्र उतरला. बाहेर आल्यावर त्याने माझा हात धरला. "ताई, हे तिला नको सांगू. पाया पडतो. बेंबीचं कळलं तर ती टेबलावर चढायचीच नाही. झाल्यावर बघू काय ते."

तो चुकीचं बोलत नव्हता. आई वाचावी, एवढंच त्याला हवं होतं. जिजी बाकावर बसून आमच्याकडेच बघत होती. सही तिची होती, अंगठा तिचा, पोट तिचं. आणि जन्मभर तिने लोकांच्या बेंब्या जागेवर आणल्या होत्या. शुद्धीवर येऊन पोट चाचपल्यावर तिला कळावं की बेंबीच नाही, हे मला सहन होईना. भटूला मी म्हटलं, "मी नाही लपवणार. तुला राग आला तरी चालेल." आणि बाकाजवळ जाऊन तिला सांगितलं.

तिने ऐकलं. पदर नीट केला. उठली आणि जिन्याकडे चालू लागली. लिफ्टचीही वाट बघितली नाही. त्या दिवसापासून भटूने माझ्याशी बोलणं टाकलं.

पुढचे दिवस वाईट गेले. डॉक्टरने दिलेली तारीख जवळ येत होती आणि जिजी घरात बसून होती. बायका सकाळी दारात येत, ती हात हलवून परत पाठवी. भटू मिलमधून येऊन तिच्यापुढे रडला, सुनेने देवाच्या शपथा घातल्या. ती म्हणे, "बेंबीबिगर माणूस म्हणजे काय? मायशी जोडेल व्हतू ती जागा शे ती." गल्लीतल्या शहाण्यांनी तर धडाधड सल्ले दिले. कुणी म्हणालं कॅन्सरला हात लावला की तो पसरतो, कुणी एका बाबाचा माणूस घरी आणला. त्या बाबाच्या माणसाला मी दारातूनच पिटाळलं. माझा आवाज शाळेत कमावलेला, तो त्या दिवशी उपयोगी पडला. पण आत वळून पाहिलं तर जिजीचं पोट आणखी चढलेलं आणि श्वास वरच्या वर चाललेला. वाटलं, आपण खरं सांगितलं आणि त्या खऱ्यानेच ही मरणार.

रविवारी सकाळी तिने मला बोलावलं. दार लावायला सांगितलं. मग पदर बाजूला करून स्वतःच्या बेंबीवर अंगठा ठेवला. "अठे खडा शे," ती म्हणाली. "दिवाळीना आधी पासून शे. माले वाटनं, सरकीसन घट्ट व्हयनी. तांब्या लाव लाव लावा मी. दुसरी कोनी असती ते मी तिले कवळच दवाखानामा धाडी देती." तिने अंगठा उचलला. "तो डॉक्टर खोटं नही बोली ऱ्हायना. खडा मना हातले लागस." मग एकदम म्हणाली, "पन माले तेले एक इचारनं शे."

आम्ही पुन्हा गेलो. भटूही आला, अजून माझ्याकडे न बघता. जिजी खुर्चीत ताठ बसली आणि तिने विचारलं, "मनी बेंबी काढीसन तुम्ही कोठे टाकशात?"

मी भाषांतर करताना अडखळले. डॉक्टर गोंधळला. मग मी त्याला समजावलं, आमच्या गावाकडे बाळाची नाळ अशीतशी टाकत नाहीत, घराच्या जमिनीत पुरतात. जिजीची नाळ तिच्या माहेरच्या परसात आहे. तिला वाटतंय, बेंबी काढलीच तर ती द्या, ती गावाला नेऊन पुरेल.

डॉक्टर हसला नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, नाही देता येणार. काढलेलं सगळं तपासायला जातं, त्यावरून पुढचे उपचार ठरतात. नंतर नियमाने ते जाळून टाकतात. खोटं आश्वासन देऊन तो सुटू शकला असता. मला वाटलं, संपलं, ही आता उठणार.

"बाळतस?" जिजीने विचारलं. "कचरामा फेकतस नही ना?"

"ना बा. फेंकता नथी. बाळीए छीए."

तिने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "मंग ठीक शे. मना आधी मनी बेंबी जाई. मी मांगून येसू." आणि अंगठा पुढे केला. शाई लावताना भटूच्या डोळ्यांतून पाणी ओघळत होतं. त्याने ते मनगटाने पुसलं आणि इतक्या दिवसांनी मला म्हणाला, "ताई, पाणी पिणार?"

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी तिला आत नेलं. दाराशी तिने वॉर्डबॉयला थांबवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पोऱ्याले काही खाले घाल." बस, एवढंच. दार बंद झालं.

मी मोठमोठ्या परीक्षांना पोरं बसवली आहेत, पण अशी वाट कधी पाहिली नाही. आत नेमकं काय चाललं असेल ते मला समजत होतं, कारण मीच ते भाषांतर केलं होतं, आणि समजत होतं म्हणूनच बसवत नव्हतं. दुपारी दार उघडलं आणि शिपायाने हाक दिली, "यमुनाबेनना सगा कोण छे?" भटू, सून आणि मी, तिघंही एकदम उठलो. रक्ताची बाटली हवी होती. भटू पळत गेला. नंतर पुन्हा दार उघडलं, या वेळी स्वतः डॉक्टर, टोपी घामाने भिजलेली. म्हणाला, स्कॅनमध्ये दिसलं त्यापेक्षा जास्त आहे. लहान आतड्यावर सगळीकडे असतं तर तसंच शिवून बाहेर आलो असतो. पण तिथे थोडंच आहे, निघेल. मी पुढे जातोय. सुनेने विचारलं, "म्हणजे चांगलं ना?" त्याने नुसती मान हलवली आणि आत गेला. ती मान हो म्हणत होती की नाही, यावर आम्ही संध्याकाळपर्यंत वाद घालत बसलो. उपाशी पोटी माणसं भांडतात तसे भांडलो. मग जिजीने सांगितलेलं आठवून मी भटूला जबरदस्तीने कँटीनमध्ये नेलं. त्याच्यापुढे खमण आलं, त्याने बोटाने त्याचा चुरा केला.

दिवे लागले तेव्हा डॉक्टर बाहेर आला आणि खुर्चीत धपकन बसला. "थई गयुं," तो म्हणाला. दिसलं ते सगळं निघालं होतं, शेकही देऊन झाला होता. सुनेने त्याच्या पायांना हात लावला तेव्हा तो लाजला.

त्यानंतरचे दिवस आयसीयूचे. आतडी जागी होतात की नाही, याची वाट. डॉक्टर, नर्स, आम्ही, सगळे एकाच गोष्टीसाठी टपून बसलेले, जिजीला वारा कधी सरतो. सरला तेव्हा भटूने मिठाई वाटल्यासारखी सगळ्यांना फोनवर बातमी दिली. जिजीला बोलण्याइतकी ताकद आल्यावर मी आत गेले. तिचा हात पट्टीवरून सावकाश फिरत होता, मध्यावर येऊन थांबत होता, पुन्हा फिरत होता. तिने डोळे उघडले. आवाज घोगरा झाला होता.

"मास्तरीण, आते सरकाले काही ऱ्हायनंच नही."

नर्सला काही कळलं नाही, पण मी हसू लागल्यावर तीही हसली.

जिजी घरी आली, हळूहळू वरण-भात खाऊ लागली, मग भाकरी. बायका पुन्हा येऊ लागल्या, पण ती आता तांब्या लावत नसे. पोटावर गरम हात ठेवायची, इकडे दुखतं का तिकडे दुखतं, किती दिवसांपासून, असं विचारायची आणि बहुतेकींना म्हणायची, "सोनोग्राफी कर." काहींना राग आला. बेंबी गेली तशी जिजीची विद्याही गेली, असं टिकल्यांवाल्या बायका मागे बोलत. जिजीच्या कानावर ते आलंच. "गयी ते गयी," ती म्हणाली. "पन तुमी दवाखानामा जा." आमच्या गल्लीत आज पोटदुखी अंगावर काढत नाहीत, ही तिची करणी. मीसुद्धा काढत नाही.

तपासण्या चालू होत्या. दोन पावसाळे बरे गेले. तिसऱ्यात स्कॅनवर पुन्हा ढगासारखं दिसू लागलं. डॉक्टरने सांगितलं, पुन्हा उघडता येईल, पण हे शरीर आता तो भार सोसणार नाही. या वेळी लपवायचं की नाही हा प्रश्न कुणी काढलाच नाही. भटूच मला म्हणाला, "तूच सांग तिला." मी सांगितलं. जिजीने विचारलं, दुखेल का. डॉक्टर म्हणाला, दुखू देणार नाही. तिला तेवढं पुरलं.

शेवटी शेवटी ती पडूनच असे. एकदा शाळेत जायच्या आधी मी डोकावले. तिने पदर बाजूला केला, ती लांब शिवण दिसली. तिने मला जवळ बसवलं आणि माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला. डॉक्टर सोडले तर त्या पोटाला दुसऱ्या कुणी हात लावल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

"चोळू नको. नुसता ठेव." मग तिने विचारलं, "काय लागस?"

तळव्याखाली सगळं घट्ट होतं, मळून ठेवलेल्या कणकेसारखं. काही नाही म्हणावंसं वाटलं. जीभ तिथपर्यंत आलीही होती.

"कठीण लागतंय, जिजी," मी म्हणाले. "खूप."

तिने डोळे मिटले. "हा," ती म्हणाली. "माले बी तेच लागस. एकलीलेच लागी ऱ्हायनं व्हतं." तिच्या कपाळावरची आठी सैल झाली. "जा आते. पोरं वाट दखत असतीन."

मी गेले नाही. हात तसाच ठेवून बसून राहिले. तिला झोप लागली आणि मग मी पोटभर रडले.